हात लावायचा नाही अशी जमीन

सुकेशनीला स्पॅनिश येतं, याचं तिच्या बापाला, मुंजाबा देवकत्याला, फारसं कौतुक नव्हतं. ही कुठल्या मुलखाची बोली, असं त्यानं एकदा विचारलं होतं. समुद्रापल्याड पंधरा-वीस देशांत बोलतात, असं तिनं सांगितलं. मुंजाबानं मान हलवली. त्यालाही मेंढरं हाकायची एक हाळी येत होती, थांबवायची दुसरी, पाण्यावर न्यायची तिसरी. लेकीला त्यांतली आणखी एखादी येते, एवढंच त्यानं त्यातलं घेतलं.

वैजापूर तालुक्यात एका डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वस्ती होती. दहा-बारा घरं, सगळी धनगरांची. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, पत्र्यावर दगड. वस्तीच्या मागं डोंगरात कोरलेली लेणी होती, पण लेणी हा शब्द वस्तीवर कुणी वापरत नसे. सगळे त्यांना कोठ्या म्हणत. पावसाची झड लागली की मेंढरं कोठ्यांत, उन्हाचा तडाखा वाढला की माणसंही कोठ्यांत. खांब गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळे आणि गुळगुळीत झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांनी त्यांना अंग घासलं होतं. एका कोठीत पाय मोडलेली एक मूर्ती होती. बायका जाता-येता तिच्यापुढं फूल ठेवत. ती कुणाची, हे कुणी विचारलं नव्हतं.

सुकेशनी तिथं वाढली, मग आश्रमशाळेत गेली, मग शहरातल्या वसतिगृहात राहून तिनं बी.ए. केलं. जालना रोडच्या एका हॉटेलात ती रिसेप्शनला लागली. वेरूळ-अजिंठा बघायला मेक्सिकोची, अर्जेंटिनाची माणसं यायची आणि त्यांच्याशी धड बोलायला कुणी नसायचं. गरम पाणी हवंय की बर्फ, हे खुणांनी कळायला पाच मिनिटं जायची. सुकेशनीनं संध्याकाळचा कोर्स लावला, मोबाइलवर ऐकून ऐकून जीभ वळवली, आणि तीन-चार वर्षांत गाइडची परीक्षाही दिली. पुढं चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर असलेल्या अभय शिंगाडेशी तिचं लग्न झालं. मुकुंदवाडीत दोन खोल्यांत संसार मांडला. सुकेशनी शिंगाडे हे नाव टूरवाल्यांच्या तोंडी बसलं, कारण शहरात स्पॅनिश बोलणारे गाइड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

ती वेरूळात परक्या मुलखाच्या माणसांना खांब दाखवत होती त्याच वर्षांत तिच्या बापाच्या कोठ्यांना सरकारी पाटी लागली. पाटी निळी होती, वर पांढऱ्या अक्षरांत 'संरक्षित स्मारक' लिहिलं होतं. वस्तीला आधी बरंच वाटलं. आपल्या डोंगराचं नाव झालं, आता रस्ता होईल, असं लोक म्हणाले. मग कोठ्यांच्या तोंडांना लोखंडी जाळ्या बसल्या. मग कळलं की स्मारकापासून शंभर मीटरच्या आत काही बांधता येत नाही आणि परवानगीशिवाय दुरुस्तीही करता येत नाही. त्या पावसाळ्यात मुंजाबाच्या घराची मागची भिंत फुगली. त्यानं तहसीलला हेलपाटे घातले. परवानगी आली नाही, भिंत मात्र आली, चुलीपर्यंत.

त्यानंतरचं काम सोपं होतं. वस्ती गायरानावर होती. सातबारा कुणाकडंच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती कागदावर अतिक्रमण ठरली आणि एका सकाळी दोन जेसीबी आले. सुकेशनी तेव्हा अर्जेंटिनाच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला कैलास लेणं दाखवत होती. फोन बंद करून ठेवलेला. आईचे आलेले फोन तिनं दुपारी बघितले. तोवर घराच्या जागी मुरूम पसरून रोलर फिरवायचं चाललं होतं.

वस्तीला गंगापूरच्या रस्त्याला पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. खोल्या वाईट नव्हत्या. वीज होती, नळ होता. पण भोवती चारी बाजूंना ऊस आणि कपाशी. मेंढरू बांधावर चढलं की शेतकरी काठी घेऊन धावायचा, आणि त्याचंही चूक नव्हतं. वर्षाच्या आत मुंजाबानं मेंढरं विकली. विकून आला आणि अंगणात बसून राहिला. अंगण म्हणायचं, पण ते समोरच्या खोलीचंही अंगण होतं.

अधूनमधून तो एसटीनं, नाहीतर वडापच्या जीपनं डोंगराकडं जायचा. जाळीबाहेर उभा राहायचा. एकदा जाळी उघडी सापडली म्हणून आत जाऊन दुपारच्या वक्ताला नेहमीच्या कोठीत आडवा झाला. पहारेकऱ्यानं त्याला उठवलं, हातातली काठी काढून घेतली आणि फाटकाबाहेर आणून सोडलं. काठी परत दिली नाही. स्मारकात काठी नेता येत नाही, असा नियम होता म्हणे. मुंजाबा काठीवाचून घरी आला. हातात काठी नसलेला बाप सुकेशनीनं तोवर कधी बघितला नव्हता. पुढच्या थंडीत दम्यानं तो गेला. घराच्या दुःखानं गेला, असं सुकेशनी म्हणायची. तिची आई बानाबाई म्हणायची, दम्यानंच गेला, त्याला दमा होताच.

या गोष्टीला चार वर्षं झाली असतील. गेल्या हिवाळ्यात सुकेशनीला स्मारकांच्या खात्यातल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. नाव विश्वजीत. वय तिच्याएवढंच, शेतीवाडीवाल्या चांगल्या घरातला, बोलायला मऊ. शिपायालाही अहो-जाहो करणारा. वस्ती पाडली तेव्हा तो या जिल्ह्यात नव्हता. त्यानं सांगितलं की पेरू देशातून चार पाहुणे येणार आहेत. तिकडं जुनी संरक्षित ठिकाणं सांभाळणारे मोठे लोक. वेरूळ-अजिंठा बघतीलच, पण त्यांना मुख्यतः हे बघायचंय की वारसा आणि स्थानिक लोक एकत्र कसे नांदतात. त्यासाठी खात्यानं एका लहान लेण्यावर खास काम केलंय. मग त्यानं डोंगराचं नाव सांगितलं.

आपण तिथल्याच आहोत, असं सांगावं, हे सुकेशनीच्या मनात आलं. मग काम हातचं जाईल हेही आलं. आणि खरं सांगायचं तर तिला तो डोंगर बघायचा होता. पाडापाडीनंतर ती एकदाही तिकडं गेली नव्हती. तिनं होकार दिला.

पाहुण्यांत एक बाई होती, रोसाउरा नावाची. साठीला आलेली, ठेंगणी, आखूड केसांची. तीच त्यांची मुख्य. पेरूच्या समुद्रकाठी मातीच्या विटांचं एक जुनं, पडकं शहर आहे, त्याची सगळी देखभाल तिच्याकडं होती. दोन दिवस वेरूळ-अजिंठ्यात तिनं सुकेशनीला प्रश्न विचारून विचारून भंडावलं. छताला पाणी कुठून लागतं, पहारेकरी किती, गावची माणसं आत येतात का. सुकेशनीला ती आवडली. रोसाउरा इतर पर्यटकांसारखी अरे वा करत नव्हती. दगडाकडं घरातल्या कर्त्या बाईसारखी बघत होती.

तिसऱ्या दिवशी गाड्या डोंगराकडं निघाल्या. वळण घेतल्यावर सुकेशनीनं खिडकीतून बघितलं. रस्ता डांबरी झाला होता. फाटक, तिकिटाची खिडकी, शोभेची झाडं. वस्तीच्या जागी मोकळं, सारवल्यासारखं सपाट मैदान होतं आणि त्या मैदानात बरोबर मधोमध एक झोपडी उभी होती.

झोपडी नवीकोरी होती. वर गवत, भिंतींना शेणामातीचा गिलावा, त्यावर पांढऱ्या रंगात हातात हात धरून नाचणारी काडीसारखी माणसं. असली वारली चित्रं वस्तीवर कुणी कधी काढली नव्हती. ती तर पार समुद्राकडच्या जंगलातली. दाराशी दोन कोकरं दाव्यानं बांधलेली, गळ्यात मण्यांच्या माळा. झोपडीकडं जाताना बरोबर आलेला विश्वजीत म्हणाला की हे लोकजीवन दालन, इथल्या परंपरेचा जिवंत वारसा. सुकेशनीनं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. सांगता सांगता ती झोपडीच्या दारापर्यंत पोचली आणि तिनं आत बघितलं.

आत बानाबाई बसली होती.

हिरवं नऊवारी, हातभर हिरव्या बांगड्या, पुढ्यात लोकरीचा ढीग आणि हातात सूत कातायची चाती. आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मुंजाबा गेल्यापासून ते कपाळ सुकेशनीनं मोकळंच बघितलं होतं. आधी तिला ते कुंकू दिसलं, आई मागाहून दिसली.

बानाबाईनंही तिला बघितलं. तिचा हात थांबला नाही. चाती फिरत राहिली, फक्त तिनं डोळ्यांनी लेकीला खूण केली, लहानपणी पाहुण्यांसमोर करायची तीच. गप ऱ्हा.

पाहुणे दाराशी गोळा झाले. कॅमेरे निघाले. रोसाउरा पुढं होऊन बानाबाईसमोर उकिडवी बसली आणि हे कशाचं सूत, असं तिनं विचारलं. प्रश्न मराठीत सांगणं सुकेशनीचं काम होतं. आपल्या आईला काय म्हणून हाक मारावी हे तिला काही केल्या सुचेना. शेवटी ती म्हणाली, "मावशी, पाहुण्या विचारतात, हे कशाचं सूत आहे?"

"घोंगडीचं," बानाबाई म्हणाली.

"कोणी शिकवलं?"

"सासूनं."

सुकेशनी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत हे शब्द उचलून ठेवत होती. तिची आजी, तिच्या बापाची आई, तिच्या समोर वाक्यातून गेली आणि तिला तिचं नाव घेता आलं नाही. मग रोसाउरानं विचारलं, ही बाई राहते कुठं?

बानाबाईनं विश्वजीतकडं बघितलं. त्यानं हसून मान डोलावली. कदाचित तिला काय सांगायचं हे आधी शिकवलेलं असावं, कदाचित नसावंही. बानाबाई म्हणाली, "इथंच."

सुकेशनीनं स्पॅनिशमध्ये सांगितलं, "इथंच." आणि ती थांबली नाही. तिचा आवाज चढला नाही, चेहरा हलला नाही. एखाद्या खांबाची माहिती सांगावी त्याच ठेक्यात ती बोलत गेली.

"ही खरं बोलते आहे. ही इथंच राहत होती. ही माझी आई आहे. ही झोपडी आहे त्या जागी आमचं घर होतं, शेजारी आणखी दहा-बारा घरं होती. खात्यानं ती पाडली. भिंतीवरची चित्रं आमची नाहीत. कपाळावरचं कुंकू यांनी लावलंय, माझे वडील वारलेत, आमच्यात विधवा बाई ते लावत नाही. हिला आता इथं यायचं तर यांनी बोलवावं लागतं."

विश्वजीत शेजारीच उभा होता. लोकरीची एवढी सविस्तर माहिती सांगितली जातेय याचं त्याला समाधान वाटत होतं. पाहुण्यांपैकी एकानं कॅमेरा खाली घेतला. दुसऱ्यानं बुटाकडं बघितलं. रोसाउरा उकिडवीच होती. ती बानाबाईच्या हातांकडं बघत राहिली आणि मान वर न करता हळू बोलली.

"आमच्याकडं अशा जमिनीला कायद्यात एक शब्द आहे. इन्तान्हिब्ले. हात लावायचा नाही अशी जमीन. आमच्या मातीच्या शहरातही लोकांची घरं होती, मक्याची शेतं होती. त्यांच्या नोटिसांवर सही माझी असते."

सुकेशनीला वाटलं, आता ही उठेल आणि काहीतरी म्हणेल. पाहुणीचं कोण नाही ऐकणार. रोसाउरा उठली. तिनं गुडघे झटकले, विश्वजीतकडं वळली, आणि सुकेशनीच्या डोळ्यांत न बघता तिला म्हणाली, "यांना सांगा, मांडणी फार सुंदर आहे. आमच्या ठिकाणी असं काही करता आलं तर आम्हाला आवडेल."

हे मराठीत सांगणं तिचंच काम होतं. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"सर," सुकेशनी म्हणाली, "त्या म्हणतात, मांडणी फार सुंदर आहे. त्यांनाही असं करायला आवडेल."

विश्वजीतचा चेहरा उजळला. त्यानं दोन्ही हात जोडून रोसाउराला नमस्कार केला. मग सगळ्यांनी मिळून फोटो काढला, बानाबाई मधे, कोकरं पुढं. सुकेशनीलाही त्यांनी आत ओढलं. त्या फोटोत ती आईच्या उजव्या अंगाला उभी आहे आणि दोघी एकमेकींच्या कुणी लागत नाहीत.

परतताना गाडीत बसण्याआधी रोसाउरानं तिला बाजूला घेतलं. मी बोलले असते तर तुझं काम गेलं असतं, तुझ्या आईचं इथं बसणंही गेलं असतं, असं तिनं सांगितलं. मी पाहुणी आहे, असंही सांगितलं. ते सगळं बरोबर होतं. सुकेशनीनं विचारलं, "आणि तुमच्या शहरातली माणसं? ती कुठं गेली?" रोसाउरानं खूप दूरच्या एका जागेचं नाव सांगितलं. तिथं पाणी टँकरनं येतं, म्हणाली. मग तिनं सुकेशनीचा हात दाबला. हात दाबल्यानं काय होतं, ते सुकेशनीला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गंगापूरच्या रस्त्याला आईकडं गेली. बानाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. कपाळ पुसलेलं होतं, पण कुंकवाचा लालसर डाग अजून राहिला होता. सुकेशनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला न सांगता तू गेलीसच कशी, असं तिनं विचारलं. आई म्हणाली, सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतंस. कुंकू का लावू दिलंस? आई म्हणाली, खात्याकडनं आलेल्या पोरींनी लावलं, फोटूत बरं दिसतं म्हनल्या. तिनं एकदा नको म्हटलं होतं, पण पोरी घाईत होत्या.

"त्यांनी आपलं घर पाडलं, आई. दादांची काठी हिसकून घेतली. आन त्याच जागी तू सोंग घेऊन बसती."

बानाबाईनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. तिला लेकीसारखं भराभर बोलता येत नसे.

"तुझा बाप जाळीभायेर उभा राहून गेला," ती म्हणाली. "मला आत बसाया मिळतं. चूल जिथं हुती तिथं मी बसते, तुला ठावं हाय का? त्यांना नाय ठावं. झोपडी त्यांनी बरुबर चुलीवर बांधली. म्या काय बोलले नाय."

सुकेशनी म्हणाली की असं भीक मागितल्यासारखं बसण्यापेक्षा न गेलेलं बरं. त्यावर बानाबाईनं पहिल्यांदा मान वर केली.

"तू कुणाचं खाती, बाई? तू बी त्याच दगडांचं खाती. लोकान्ला सांगती, बगा किती जुनं हाय, किती जपून ठिवलंय. म्या नुसती बसते. तोंडानं तर काय सांगत नाय."

सुकेशनी उठली ती चहा न घेता निघाली. बसस्टँडवर उभी असताना तिला आईला द्यायला पाच-सहा उत्तरं सुचली. त्यांतलं एकही तिला खरं वाटेना. पुढं दोन-तीन महिने मायलेकी फोनवर फक्त तब्येतीचं बोलायच्या.

तिला वाटत होतं, आपण जे सांगितलं त्याचा काहीतरी गवगवा होईल. पाहुण्यांपैकी कुणीतरी कुठंतरी लिहील, वरून विचारणा होईल, आपल्याला बोलावणं येईल, कदाचित गाइडचं कार्डही जाईल. त्याची तिनं मनातल्या मनात तयारी केली होती. अभयलाही सांगून ठेवलं होतं. काहीच झालं नाही. उलट विश्वजीतनं तिचं नाव खात्याच्या पक्क्या दुभाष्यांत घातलं. पाहुणे फार खूश होऊन गेले आणि त्यात मॅडमचा मोठा वाटा आहे, असं त्यानं बैठकीत सांगितलं म्हणे. लोकजीवन दालन कायमचं झालं. बानाबाई आता शनिवार-रविवारी आणि कुणी मोठे पाहुणे असले की बसायची. कुंकवाऐवजी तिला टिकली लावायचं ठरलं. कुणीतरी तक्रार केली असावी, किंवा टिकली सोपी पडत असावी.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा विश्वजीतनं सुकेशनीला ऑफिसात बोलावलं. पेरूहून मेल आली होती, सोबत फोटो होते, आणि मजकूर स्पॅनिशमध्ये होता. त्याला तो वाचून हवा होता. तो इतक्या उत्साहात होता की त्यानं स्वतः उठून खुर्ची सरकवली, चहा मागवला.

मेल रोसाउराच्या कचेरीची होती. सुकेशनीनं ती वाचली आणि वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेली. तुमच्या भेटीतून आम्हाला प्रेरणा मिळाली. तुमच्या नमुन्यावर आम्ही आमच्या संरक्षित शहराच्या प्रवेशाशी पारंपरिक घर उभारलं आहे. स्थानिक कारागीर तिथं लव्हाळ्याच्या चटया विणून दाखवतात. पर्यटकांचा प्रतिसाद उत्तम आहे. आम्ही आपले आभारी आहोत.

मग तिनं फोटो बघितला. लव्हाळ्याच्या भिंतींची एक झोपडी, मागं पिवळट मातीचे उंच ढिगारे. झोपडीत एक म्हातारी बसली होती. पायघोळ घागरा, रुंद काठाची टोपी, दोन वेण्या. घागऱ्यावर दुकानातल्या घड्या तशाच होत्या. ती फोटो काढणाऱ्याकडं बघत नव्हती. हातातल्या चटईकडंही बघत नव्हती. थोडं डावीकडं, फोटोच्या बाहेर, जमिनीवर कुठंतरी बघत होती.

विश्वजीत म्हणाला, बघा मॅडम, आपल्या एवढ्याशा लेण्याचं काम कुठल्या कुठं पोचलं. छानसं उत्तर लिहून द्या, म्हणाला. सुकेशनीनं उत्तर लिहिलं. अभिनंदन, आनंद, शुभेच्छा. शेवटी तिनं आपल्याकडून एक ओळ घातली, की फोटोतल्या बाईंचं नाव काय? विश्वजीतला ती ओळ कळली नाही. आठ-दहा दिवसांनी रोसाउराच्या कचेरीतून दोन ओळींचं उत्तर आलं. बाई ठेकेदाराकडून येतात, नाव आमच्याकडं नाही, असं कुणा मदतनिसानं लिहिलं होतं.

तो फोटो तिनं मोबाइलमध्ये घेतला होता. पुढच्या शनिवारी तिला काम नव्हतं. ती स्कूटीवर गंगापूरच्या रस्त्याला आईकडं गेली. बानाबाई तयार होऊन जीपची वाट बघत होती. हिरवं नऊवारी, बांगड्या. सोडते तुला, सुकेशनी म्हणाली. आणि निघण्याआधी तिनं आईला फोटो दाखवला. कुठला देश, काय झालं, सगळं सांगितलं.

बानाबाईनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. बराच वेळ बघितलं.

"हिचं घर कुठं हुतं?"

"ते लिहिलं नाय त्यांनी."

"तिच्या चुलीपासनं लांब बसवलं असंल, तर?"

बानाबाईनं मोबाइल परत दिला आणि पदर खोचून स्कूटीवर मागं बसली. वाटेत उसाला पाणी सोडलं होतं, रस्त्यावर चिखल होता, सुकेशनीचं सगळं लक्ष गाडी सावरण्यात गेलं.

फाटकाशी पोचल्यावर पहारेकऱ्यानं बानाबाईला बघून दार उघडलं. लवकर जा मावशी, शाळेची सहल यायचीय, म्हणाला. बानाबाई आत गेली. सुकेशनी स्कूटी लावून मागोमाग निघाली तर त्यानं हात आडवा घातला. आज तिच्या गळ्यात कार्ड नव्हतं, बरोबर पाहुणे नव्हते.

"तिकीट काढावं लागंल, ताई."

ती काढू शकली असती. खिडकी चार पावलांवर होती आणि तिथं रांगही नव्हती. ती तिथंच उभी राहिली. मैदान ओलांडून बानाबाई झोपडीशी पोचली, वाकली, आत जाऊन बसली आणि तिनं टिकली नीट लावून घेतली. मग शाळेची बस आली. पोरं धडाधड उतरून फाटकाशी गोळा झाली, आणि सुकेशनीला बाजूला व्हावं लागलं.